मॅडमना माहीत नसलेलं

मोंजियाला पोहता येत नाही. आमच्या बेटावर येऊन तिला इतकी वर्षं झाली, पण गुडघाभर पाण्याच्या पुढे गेलेली मी तिला कधी पाहिली नाही. आणि आमच्या करकना बेटाभोवतीचा समुद्र तर असा उथळ, की ओहोटीला माणूस चालत चालत होडीपर्यंत जातो.

ती डोंगरातली. केफची. देशाच्या दुसऱ्या टोकाला, अल्जीरियाच्या सरहद्दीजवळ, जिथं थंडीत कधीकधी बर्फ पडतं. इंग्रजीची मास्तरीण म्हणून तिची नेमणूक आमच्या रमला गावच्या शाळेत झाली तेव्हा ती तिशीच्या आतच होती. एक सुटकेस, एक पुस्तकांचं खोकं आणि बोट लागून हिरवा पडलेला चेहरा घेऊन ती फेरीबोटीतून उतरली. आमच्या गच्चीवरची खोली रिकामी होती, ती मी तिला भाड्यानं दिली.

"दोन वर्षं काढीन, मबरूका, मग बदली घेईन," ती म्हणाली होती. "आई एकटी आहे."

मी हो म्हटलं. बाहेरून येणारे सगळे मास्तर हेच म्हणतात, आणि बहुतेकांचं खरंही होतं.

तिचं झालं नाही. दर वसंतात ती अर्ज करायची, दर उन्हाळ्यात नकार यायचा. रविवारी दुपारी ती गच्चीच्या कोपऱ्यात उभी राहून आईशी फोनवर बोलायची, कारण तिथंच आवाज नीट यायचा. मग एका हिवाळ्यात आई गेली. निरोप आला त्या दिवशी वाऱ्यानं फेरीबोट बंद होती. मोंजिया बॅग घेऊन सीदी युसूफच्या धक्क्यावर दिवसभर बसून राहिली. बोट सुटली ती दुसऱ्या दिवशी, आणि ती केफला पोचली तोवर दफन होऊन गेलं होतं. आठवड्याभरानं परत आली, सुटकेस वर नेली, आणि सोमवारी वर्गावर गेली. मी जेवण घेऊन वर गेले तर "बरी आहे गं" एवढंच म्हणाली. त्या वसंतात तिनं अर्ज केला नाही. मी विचारलं तर म्हणाली, "आता कुणासाठी जाऊ?"

एका घरात राहून मला तिच्याबद्दल एवढंच माहीत होतं. ती भांडकुदळ नव्हती, घुमी नव्हती. हसायची, बाजारात घासाघीस करायची, माझ्या नवऱ्याची, खमीसची, चेष्टा करायची. पण संध्याकाळी जिना चढून वर गेली, की दाराला आतून कडी लागायची. ईदला बोलावलं तर "येते नंतर" म्हणायची, आणि यायची नाही.

शाळेत मी संगणकखोली सांभाळते. सांभाळते म्हणजे किल्ली माझ्याकडे असते, धूळ मी पुसते, आणि आज कुठलं यंत्र चालतंय आणि कुठलं रुसलंय ते मी सांगते. म्हणून ब्लॉगची गोष्ट पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांसमोर घडली. मला इंग्रजी येत नाही. जे सांगतेय ते मुलांनी आणि मोंजियानं वेळोवेळी अरबीत सांगितलेलं.

त्या वर्षी ती शेवटच्या परीक्षेच्या एक वर्ष आधीच्या वर्गाला शिकवत होती. एकदा मास्तरांच्या खोलीत तिनं निबंधांचा गठ्ठा माझ्यासमोर टाकला.

"बघ. पर्यटनाचे फायदे. सगळ्यांनी तेच वाक्य लिहिलंय, आणि सगळ्यांनी एकाच जागी तीच चूक केलीय."

"पाठ करून आलीत पोरं. चांगलंय की."

"ज्यानं पहिल्यांदा लिहिलं त्याची चूकसुद्धा पाठ केली गं! आणि लिहितात कुणासाठी? माझ्यासाठी. मी लाल रेघा मारते, ते आकडा बघतात, कागद दप्तरात कोंबतात. संपलं."

दुसऱ्या आठवड्यात ती वर्गाला घेऊन माझ्या खोलीत आली. इंटरनेटवर तिनं वर्गासाठी एक जागा, तोच तो ब्लॉग, उघडली होती. जो तो आपलं लिहून तिथं लावणार, जगात कुणीही ते वाचणार, आणि खाली आपलं म्हणणं लिहिणार. नियम एकच.

"मला जे माहीत नाही ते लिहायचं," ती म्हणाली. "माहीत असलेलं लिहिलंत तर मी वाचणार नाही."

"मॅडम, तुम्हाला तर सगळं माहीत आहे," वजदी म्हणाला. हा मागच्या बाकावरचा, तोंडाळ. बाप कोळी, आजा कोळी.

"मला समुद्रातलं काही कळत नाही. ऑक्टोपस ताटात आला तरच ओळखते."

पोरं हसली. पण पहिल्यांदा जे लिहिलं ते इकडून तिकडून उचललेलंच. समुद्राचं क्षेत्रफळ, प्रदूषणाची कारणं, आणि कुणीतरी परत एकदा पर्यटन. मोंजियानं प्रत्येकाखाली एकच ओळ लिहिली, 'हे मला माहीत आहे.' मुलं चिडली.

उन्सचं लिहिणं मात्र वेगळं आलं. उन्स म्हणजे तोंडातून शब्द न काढणारी मुलगी. फळ्यापाशी बोलावलं की कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, आणि डोळे जमिनीला लागायचे. तिनं पाच वाक्यं लिहिली होती. 'आम्ही समुद्राच्या खाली राहतो. माझी आजी रोज सकाळी ऑक्टोपसशी युद्ध करते. आजी जिंकते. ऑक्टोपस मऊ होतो. मग दोरीवर वाळत बसतो.' ऑक्टोपस आपटून मऊ करतात, त्या आपटण्याला इंग्रजीत काय म्हणतात हे तिला माहीत नव्हतं, म्हणून तिनं युद्ध लिहिलं.

मोंजियानं लाल रेघ मारली नाही. खाली विचारलं, 'समुद्राच्या खाली? तुम्ही मासे आहात का? आणि युद्धात आजी काय म्हणते?'

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत उन्स माझ्या दारात उभी.

"मबरूका मावशी, खोली उघडता? पाच मिनिटं."

"काय गं, काय झालं?"

"खाली नाही, काठावर म्हणायचं होतं मला. लोक हसतील."

"कोण लोक?"

"जगातले."

पोर वर्षभरात माझ्याशी एवढं बोलली नव्हती. तिनं ते वाक्य सुधारलं, आणि आजी काय काय शिव्या देते तेही लिहून टाकलं. सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी उठेना. मग इतरांनाही कळलं की मॅडमना खरंच माहीत नाही. वजदीनं मडक्यांनी ऑक्टोपस कसा धरतात ते लिहिलं: मडकं रिकामं सोडायचं, त्याला घर वाटतं, तो आपणहून आत जाऊन बसतो. कुणी मासे अडवायला खजुराच्या झावळ्यांची कुंपणं समुद्रात कशी उभारतात ते लिहिलं. मोंजिया विचारायची, पोरं घरी जाऊन आज्यांना विचारून यायची, आणि अरबीतलं उत्तर इंग्रजीत बसवताना एकमेकांशी भांडायची.

घरोघरी कुरकुर सुरू झाली. वजदीचा बाप एकदा रबरी बुटांसकट शाळेत आला.

"मॅडम, पोराला ऑक्टोपस मी शिकवतो. तुम्ही इंग्रजी शिकवा! पुढच्या वर्षी परीक्षा आहे त्याची."

"तेच शिकवतेय, काका. इतकी वर्षं त्याला इंग्रजीत सांगायला काही नव्हतं. आता सापडलंय."

"मडक्यावर मार्क देणारेत का परीक्षेत?"

"नाही देणार," मोंजिया म्हणाली. ती खोटं बोलली नाही हे त्याला आवडलं असावं. पुटपुटत गेला. मुख्याध्यापक मुख्तारनी तिला सांगून टाकलं, की धडे वेळेत संपवा, मग उरलेल्या वेळात पोरांना आकाशात उडवलंत तरी चालेल.

थंडीत एक दिवस उन्सच्या लिहिण्याखाली एका अनोळखी माणसाचं लिहिणं आलं. 'तुझी आजी खडकावर आपटते की वाळूवर? माझी आई खडकावर आपटायची. वाळूवर आपटलेला दातांत कचकचतो. तू कुणाची मुलगी?' सही होती हमादी. राहतो इंग्लंडच्या उत्तरेकडच्या कुठल्याशा बंदरगावात.

त्या चार ओळींत इतक्या चुका होत्या म्हणे, की वर्ग लोळून हसला. आमच्याच बेटाचा माणूस, तरुणपणी स्पंज काढणाऱ्यांच्या होडीवरून गेला, पुढे मोठ्या जहाजांवर स्वयंपाकी झाला. त्याचं इंग्रजी भटारखान्यातलं.

"हसून झालं?" मोंजिया म्हणाली. "मग दुरुस्त करा. तो मोठा माणूस आहे, नीट लिहा. काय चुकलं आणि का चुकलं."

पूर्ण तास त्या चार ओळींवर गेला. शेवटी तिनं सांगितलं, आता आपापलं जुनं लिहिणं उघडा. त्याच चुका ज्याच्या त्याच्या लिहिण्यात होत्या. लाल रेघांनी जे कधी दिसलं नव्हतं, ते दुसऱ्याची चूक काढल्यावर दिसलं. कुणी न सांगता पोरं यंत्रांकडे वळली आणि खाडखाड करत बसली.

त्यानंतर हमादीला सवयच लागली. दर आठवड्याला विचारायचा. क्रातन गावाच्या वाटेवरचं वाकडं खजुराचं झाड आहे का अजून? शिडाचे लाकडी पडाव कोण बांधतं आता? उन्हाळ्यात कुठली बाई गोड चकत्या विकायची, तिचं नाव काय होतं? पोरं गावभर हिंडून उत्तरं आणायची. झाडाचा फोटो काढायला वजदी सायकलवरून क्रातनपर्यंत गेला. म्हाताऱ्या बायका मला रस्त्यात धरून विचारायच्या, "तो इंग्लंडवाला काय म्हणाला गं?" हमादीची बायको वारलेली, मुलगी त्याहून लांबच्या देशात. एकदा त्यानं लिहिलं, 'तुमचं वाचतो तेव्हा घरात कुणीतरी बोलतंय असं वाटतं.' ते वाक्य मोंजियानं वर्गात वाचून दाखवलं नाही. पोरांनी आपलं आपण वाचलं. मला मात्र तिनं ते गच्चीवर कपडे वाळत घालताना सांगितलं, आणि मग बराच वेळ एकच चादर झटकत राहिली.

वर्ष उलटलं, पोरं शेवटच्या वर्षात गेली, आणि वसंतात हमादीनं लिहिलं की मी येतोय.

तो आला तेव्हा वर्ग नुसता उतू चालला होता. प्रत्येकानं प्रश्न तयार करून पाठ केलेले. दारात एक बारीक म्हातारा उभा, त्या उन्हात जाड कोट, गळ्यात टाय, हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. आधी तो अरबीत बोलला. पन्नास वर्षांपूर्वीचं आमचं बोलणं, जसंच्या तसं. त्यातला एक शब्द तर आता आज्यासुद्धा वापरत नाहीत. मागे कुणीतरी फिसकन हसलं. म्हातारा बिचकला. मग तो इंग्रजीत बोलायला लागला, आणि ते कुणालाच कळेना. तिकडच्या बंदरावरचं इंग्रजी, तोंडात खडे धरून बोलल्यासारखं. पोरं मोंजियाकडे बघायला लागली. आणि मी दारातून बघत होते, मोंजियालाही धड कळत नव्हतं. ती लाल झाली.

"परत एकदा सांगाल?" ती म्हणाली. त्यानं परत सांगितलं. परत तेच.

म्हाताऱ्यानं डबा टेबलावर ठेवला आणि दाराकडे पाहिलं.

तेव्हा उन्स उठली. कानाच्या पाळ्या लाल, पण चालत फळ्यापाशी गेली, खडू घेतला, आणि तिचा प्रश्न लिहिला: तुम्ही का गेलात?

म्हाताऱ्यानं चष्मा लावला, वाचलं, आणि तिच्या हातातून खडू घेतला. लिहिलं, घरात माणसं फार आणि मासे कमी.

मग एकेक पोरगं उठलं. कुणी बोलत नव्हतं. खडूचा आवाज तेवढा. प्रश्न, उत्तर, फळा भरला की पुसायचा, परत प्रश्न. वजदीनं लिहिलं, परत का आला नाहीत? म्हातारा फळ्याकडे वळला. पुढच्या वर्षी जाईन असं म्हणायचो, त्यानं लिहिलं, दर वर्षी म्हणायचो. त्या वाक्यात एक चूक होती, उन्सनं मला नंतर सांगितलं, क्रियापदाची, खालच्या वर्गातल्या पोरालाही कळेल अशी. वजदीचा खडूवाला हात पुढे गेला होता. पण त्यानं तो मागे घेतला आणि खडू खाली ठेवला.

हमादी महिनाभर राहायचं ठरवून आला होता. उतरला होता पुतण्याकडे. दोन-तीन दिवसांत गावातले विचारपूस करून थकले. ज्यांना तो ओळखायचा ते बहुतेक कबरस्तानात, आणि समुद्रातली त्याच्या बापाची कुंपणाची जागा भावानं कधीच विकून टाकलेली. एका दुपारी तो मोंजियाला भेटायला आला. मी चहा घेऊन गच्चीवर गेले तर दोघं हळू आवाजात इंग्रजीत बोलत होती. समोरासमोर, सावकाश बोललं की तिला कळत होतं. मी आल्यावर तो अरबीत बोलायला लागला.

"भाऊ, चहा गोड झालाय का?"

"माझ्या आईसारखा झालाय, बाई. म्हणजे फारच गोड." मग तो समुद्राकडे बघत म्हणाला, "तिकडे माझ्याकडे अख्खं बेट होतं. पोरं रोज थोडं थोडं पाठवायची. इथं आलो तर माझ्या वाट्याला पुतण्याच्या खोलीतली एक गादी."

"अजून थोडे दिवस राहून बघा," मोंजिया म्हणाली.

"तू किती वर्षं राहून बघते आहेस?"

हमादीनं कप खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीनं तो गेला. बिस्किटांचा डबा वर्गातच राहिला.

त्यानंतर त्याचं लिहिणं आलं नाही. पोरं रोज यंत्र उघडायची आणि तोंड पाडून मिटायची. त्यांनी त्याला एक लांब पत्रच लिहून लावलं. उत्तर नाही.

"गेला असेल बिचारा," वजदी म्हणाला.

"गेला नाही," उन्स म्हणाली. "त्याला विचारायला काही उरलं नाही."

लिहिणं मंदावलं. परीक्षा जवळ आलेली, आणि वाचणारंच कुणी नाही तर लिहायचं कशाला? मोंजिया वर्गाला म्हणाली, "मी आहे ना वाचायला."

पोरं यंत्रं बंद करायला लागली. उद्धटपणा नव्हता त्यात. पण मी खोलीच्या कोपऱ्यात फडकं घेऊन उभी होते, आणि मला मोंजियाचा चेहरा दिसला. दोन वर्षं ती प्रत्येकाची प्रत्येक ओळ वाचत होती, आणि वाचणाऱ्यांत तिला कुणी धरलंच नव्हतं. ती मॅडम होती. मॅडम वाचतात, कारण त्यांचं काम आहे.

तास संपला. पोरं गेली. उन्स दप्तर भरता भरता थांबली.

"मॅडम, एक विचारू? तुम्ही कधीच काही लिहिलं नाहीत."

"मी कशाला लिहू? मी शिकवते."

"केफबद्दल आम्हाला काही माहीत नाही," उन्स म्हणाली. "तुमचाच नियम आहे."

मोंजिया हसली आणि तिला घरी पाठवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मबरूका, तुला घाई आहे?" मी नाही म्हटलं. ती यंत्रापाशी बसली. मी बाहेर ओट्यावर मटार सोलत बसले. सोलून झाले, उन्हं पार कलली, तरी आतून टकटक चालूच.

दुसऱ्या दिवशी तिनं लिहिलेलं वर लागलेलं होतं. उन्सनं माझ्याशेजारी बसून मला ते अरबीत वाचून दाखवलं. आईला वाचता येत नव्हतं, तरी ती मोंजियाची इंग्रजी पुस्तकं कापडात गुंडाळून ठेवायची. बर्फ पडलं की अंगणातून वाट काढायला माय-लेकी फावडं घ्यायच्या. रविवारी फोनवर आईचा पहिला प्रश्न नेहमी एकच: समुद्र शांत आहे ना? तिनं समुद्र कधी पाहिला नव्हता. आणि मग तो दिवस. मोंजिया धक्क्यावर बसलेली असताना मामाचा फोन आला होता. तुझ्यासाठी थांबू का, त्यानं विचारलं. वारा कधी पडेल ते कुणी सांगेना. आईला ताटकळत ठेवू नका, ती म्हणाली, उरकून घ्या. 'थांबू नका असं मीच सांगितलं,' तिनं लिहिलं होतं. 'कुणाला बोलले नाही. कधी वाटतं, थोडं थांबायला सांगितलं असतं तर पोचले असते.'

उन्स वाचायची थांबली. मी पदरानं डोळे पुसले. माझ्या डोक्यावर, माझ्याच छपरावर ती हे घेऊन एकटी राहत होती, आणि मी खाली तिच्या भाजीत मीठ कमी की जास्त याची चौकशी करत होते.

पोरांनी त्याखाली लिहिलं. कुणी विचारलं बर्फाला वास असतो का, कुणी आईचं नाव विचारलं. मोंजियानं सगळ्यांना उत्तरं दिली, आणि त्या वेळी कुणाच्या चुका काढल्या नाहीत. वजदीनं विचारलं, 'मॅडम, त्या दिवशी वारा कुठला होता?'

'माहीत नाही,' तिनं लिहिलं. 'जोराचा होता.'

वजदीनं तारीख विचारून घेतली आणि दोन दिवस काही लिहिलं नाही. मग लिहिलं. बापाला विचारलं होतं, बापानं आणखी दोघा-तिघांना विचारलं होतं. 'तो जबाली होता, डोंगराकडून येणारा. तो दुसऱ्या सकाळपर्यंत पडत नाही. आमच्यातलं कुणी त्या वाऱ्यात होडी काढत नाही. तुम्ही थांबा म्हणाला असतात तरी पोचला नसतात. मयत इतका वेळ ठेवत नाहीत, मामांनाही तेवढं थांबता आलं नसतं. मी नीट विचारून लिहितोय.'

मोंजियानं ते माझ्या खोलीत उभ्यानं वाचलं. मग खुर्ची ओढून बसली. तिच्या पुढच्या तासाची घंटा झाली तेव्हा मीच जाऊन वर्गाला सांगितलं, मॅडम येतायत, गप्प बसा.

परीक्षेत काही मोठा चमत्कार झाला नाही. वजदीला इंग्रजीत जेमतेम मार्क पडले. त्यानं निबंधात मनाचं लिहिलं, आणि तपासणाऱ्याला ते फारसं रुचलं नसावं. पाठ करून गेलेल्या काहींना त्याच्यापेक्षा जास्त पडले. त्याचा बाप बाजारात मोंजियाला भेटला तेव्हा मला वाटलं आता भांडणार. तो म्हणाला, "पोरगं परवा बंदरावर एका परदेशी माणसाशी भांडलं, मॅडम. इंग्रजीत! जिंकलंसुद्धा." आणि तिच्या पिशवीत बळजबरीनं मासे घातले.

तो वर्ग पांगला. फेरीबोटी भरभरून पोरं जातात दर वर्षी, बहुतेक परत येत नाहीत. मोंजियानं पुढच्या वर्गांनाही लिहायला लावलं. काही वर्षं चांगली गेली, काही नुसतीच गेली. आता सगळ्यांच्या हातात फोन आहेत, लिहिण्यापेक्षा त्यात बोलणं सोपं. माझ्या खोलीत पोरं कमी येतात. तिचा नियम मात्र तोच आहे. अडचण एवढीच, की आता तिला आमच्याबद्दल बरंच काही माहीत झालंय, आणि पोरांना नवीन शोधायला फार लांब जावं लागतं.

उन्स पलीकडे स्फाक्स शहरात असते. ऑलिव्ह तेल बाहेर पाठवणाऱ्या एका कचेरीत परदेशी गिऱ्हाइकांना पत्रं लिहिते. या रमजानच्या ईदला ती घरी आली होती, आणि मिठाई घेऊन वर गेली. मी मागोमाग कॉफी घेऊन गेले.

"कसं आहे काम?" मोंजियानं विचारलं.

"दिवसभर इंग्रजी लिहिते, मॅडम. साहेब म्हणतात एकही चूक नसते."

"मग तोंड का असं?"

"कुणी उलट काही विचारत नाही. माल मिळाला, आभारी आहोत. एवढंच."

मोंजियानं तिच्या पुढ्यात कॉफी सरकवली. "आजी कशी आहे?"

"थकली. आता आपटत नाही. ऑक्टोपस फ्रीजरमध्ये गोठवून ठेवतो आम्ही, त्यानंही मऊ होतो म्हणतात."

"होतो का?"

"नाही," उन्स म्हणाली, आणि दोघी हसल्या.

उन्स दुपारच्या बोटीनं गेली. तिच्या आजीला दवाखान्यात न्यायचं होतं, म्हणून घरच्यांसोबत घाईतच. मोंजियानं गच्चीवरून हात केला. मग आत गेली आणि कडी लागल्याचा आवाज आला. आमच्याकडे खाली पाहुणे होते, पोरासोरांचा कालवा होता. मी जिन्यातून हाक मारली, "मोंजिया, जेवायला ये गं!"

"येते नंतर!"

आली नाही. मी एका ताटलीत खारवलेला मासा आणि मनुका-कांद्याची ईदची चटणी, शर्मूला, घालून दाराशी ठेवली आणि कडी वाजवून खाली आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ताटली धुऊन घेऊन आली. ताटलीत संत्री होती. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "मबरूका, तुझी शर्मूला गोड असते. फार गोड. पहिल्या वर्षापासून."

"बाई गं! आणि आज सांगतेस?"

"पहिल्या वर्षी पाहुणी होते. नंतर सांगायचं राहून गेलं."

मी तिला बसायला सांगितलं. ती बसली. खमीस जाळं दुरुस्त करत होता, मी कांदा चिरत होते. ती थोडा वेळ दोघांकडे बघत बसली, मग तपासायचे निबंध आहेत म्हणाली आणि जिना चढून वर गेली.